एक गेला, एक राहिला

१३ ऑक्टोबर, रविवार

आज शोताला पोचवून आलो. लिफ्ट दुरुस्त करायचा, वय त्रेसष्ट, मूळचा स्वानेतीतला, म्हणजे वरच्या डोंगरातला. ब्रुकलिनच्या या टोकाला आम्ही जॉर्जियन शेकड्यांनी आहोत, पण स्वान मोजके. त्यांच्यात माणूस गेला की झार म्हणतात. तीन आवाजांचं गाणं, शब्द एकही नाही, नुसतं वोय आणि वाय. आम्हा सखल भागातल्यांच्या बोलीत त्याच शब्दाचा अर्थ घंटा.

म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून शोताच्या मुलानं फोनवर लावलं आणि फोन शवपेटीच्या कडेला ठेवला. गाणं अर्ध्यावर आलं आणि थांबलं. एक बाई प्रसन्न आवाजात सांगू लागली की नव्या गादीवर झोप किती शांत लागते. मुलानं घाईनं बोट मारलं, ते भलतीकडेच लागलं आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

जोकियाकाकांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, बूट दुरुस्तीचं दुकान होतं, आता बंद. मी फाटकाशी त्यांना गाठलं. ते रागावलेले नव्हते, म्हणून जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "मालखाझ, मला असं पोचवू नका."

मी हो म्हणालो. घरी येईपर्यंत लक्षात आलं की हो म्हणण्यासारखं माझ्यापाशी काहीच नाही. मी चर्चमध्ये मधल्या आवाजात गातो, तेही वाचून.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सोमवारी आमची बेकरी बंद असते. आज काकांच्या घरी गेलो. सोबत टॅक्सीवाला रेवाझ. चर्चमध्ये खालचा आवाज त्याचा, आणि तो आवाज आहे म्हणून बाकीचं सगळं त्याला माफ आहे.

मी म्हटलं, आम्हाला झार शिकवा. काकांनी सरळ नाही म्हटलं. घरात मेलेलं माणूस नसताना झार म्हणायची नसते. म्हटली तर ती माणूस शोधत फिरते. रेवाझ म्हणाला, मग गावात पोरं शिकायची कशी? काका म्हणाले, गावात माणसं मरत होती, पोरं कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. "इथं कुणी मेलं तर तू टॅक्सीत असतोस."

 माझ्या मनात उत्तर होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. शिकवणाराच गेल्यावर त्याच्यासाठी शिकणार कोण?

उठताना विचारलं, गावाकडे तुमचं कोण आहे? इतकी वर्षं ओळखतो, पण हे कधी विचारलं नव्हतं. खिडकीकडे बघत म्हणाले, "दोघं भाऊ होतो. एक गेला, एक राहिला."

त्यांना भाऊ होता हे मला ठाऊक नव्हतं.

४ नोव्हेंबर, सोमवार

काका आपण होऊन बेकरीत आले. सोबत नाझी. ही स्वान बाई, पंचेचाळिशीची, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला घरोघरी जाते. तिच्या हातात चादरीचं गाठोडं होतं.

काकांनी कणीक मळायचं टेबल पुसून घ्यायला सांगितलं. त्यावर चादर अंथरली. गाठोड्यातून काळा लोकरीचा जाड कोट निघाला, कोपरांवर ठिगळं असलेला, आणि राखाडी नमद्याची स्वान टोपी. कोट उताणा ठेवला, बाह्या पोटावर घेतल्या, टोपी कॉलरच्या वर. दोन पावलं मागे सरून बघितलं, मग पुन्हा पुढे येऊन वरचं बटण लावलं.

डोंगरात कुणी परमुलखात मेलं, देह आलाच नाही, तर कपडे मांडून रडतात. हे मी ऐकून होतो.

काका म्हणाले, "हा माणूस गावातून निघाला, तो परत गेला नाही. याच्यावर झार झालेली नाही. आता म्हणता येईल."

मी विचारलं, नाव काय होतं? म्हणाले, झारमध्ये शब्द नसतात, नाव कशाला हवं? मग मी खोदून विचारलं नाही. सख्ख्या भावाचं नाव घेणं जड जात असेल.

वरच्या आवाजासाठी तिसरा पुरुष नाही. काका नाझीला म्हणाले, तू म्हण. ती म्हणाली, बायका झार म्हणत नाहीत, बायका वेगळं रडतात. काका म्हणाले, "गाव इथं असतं तर तुला दाराबाहेर बसवलं असतं. गाव इथं नाही. ये आत."

आज आवाज लावला नाही. कोटाभोवती अर्धा तास नुसते उभे राहिलो. भट्टी काल विझवलेली, तरी भिंत कोमट होती.

११ नोव्हेंबर, सोमवार

सुरुवात मधल्या आवाजानं करायची. म्हणजे मी. एकट्यानं पहिला स्वर काढायचा, मग खालचा आणि वरचा येऊन मिळतात. मी घसा साफ केला, रेवाझकडे बघितलं, नाझीकडे बघितलं. काका म्हणाले, कुणाची वाट बघतोस? सुरुवात करणारा वाट बघत नाही.

पण पुढे एका जागी मात्र वाटच बघायची आहे. तिसऱ्या वळणावर काका थांबतात. आवाज चढवून नेतात, सोडून देतात आणि गप्प होतात. मी मनात मोजलं, चार आकडे. मग खालचा आवाज येतो आणि त्याच्यावर बाकीचे. रेवाझ म्हणाला, काका, मी श्वास धरून उभा आहे, इथं थांबायचं कशासाठी? काका म्हणाले, थांबायचं.

काकांचा आवाज पातळ झाला आहे, पण सरळ जातो. दोनदा म्हणून दाखवलं आणि स्टुलावर बसले. वय झालं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज माझ्यामुळे वाद झाला.

गेल्या आठवड्यात मी इंटरनेटवरच्या संग्रहातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी मिळाली तेवढी ऐकली. पाच गावांच्या झार ऐकल्या. एकीतही तिसऱ्या वळणावर तो थांबा नाही. मायदेशी कुताइसी शहरातल्या वर्तमानपत्रात पंधरा वर्षं दुसऱ्यांचा मजकूर दुरुस्त केला, ती खोड जात नाही. मी काकांना आदरानंच म्हणालो की थांबा बहुधा नंतर कुणाच्या तरी चुकीनं आत आला असावा, काढला तर गाणं सलग होईल.

काकांनी कोटाची बाही सरळ केली. मग म्हणाले, "चूकच आहे. ठेव."

"चूक आहे तर ठेवायची कशाला?"

"बातमीदारा, तू गातोस तेव्हाही बातमीच देतोस. अमुक माणूस मेला, अमुक वाजता मेला. आम्हाला माहीत आहे तो मेला. समोर पडलाय. तुम्ही खालचे लोक बोलून बोलून दुःख पातळ करता."

रेवाझ हसला. मला ते लागलं. नाझीनं पिशवीतून डबा काढून काकांना सूप दिलं. त्यांनी दोन चमचे घेतले आणि डबा रेवाझकडे सरकवला.

२६ नोव्हेंबर

काल लिहायचं राहिलं. कोट ठेवताना दिसलं की वरचं बटण नुकतंच शिवलेलं आहे, काळ्या कोटाला निळा दोरा. मेलेल्या भावाच्या कोटाचं बटण काका अजून जपतात.

९ डिसेंबर, सोमवार

मागच्या सोमवारी काका आले नाहीत. दातांचं काम होतं, असं नाझीनं सांगितलं. आज आले. पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं आहे, ते रेवाझनं दाखवलं आणि चेष्टा केली, काका, लग्नबिग्न ठरलंय का? काका म्हणाले, ठरलंय, पण मुलगी जरा थंड आहे.

सगळे हसलो. नाझी भांडी विसळायला गेली.

आज वेगळंच झालं. मी सुरुवात केली आणि दुसऱ्या वळणाला कोट दिसेनासा झाला. तिथं माझे वडील दिसले. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा मी इथंच होतो, याच भट्टीपाशी. बहिणीनं फोनवर अंत्यविधी दाखवला. गिऱ्हाईक होतं म्हणून मी आवाज बंद केला होता. बायकांची तोंडं उघडत होती, मिटत होती आणि मी शोती पाव कागदात गुंडाळत होतो. त्या दिवसाच्या वहीत मी लिहिलं आहे, "बाबांचं आटोपलं. गर्दी बरी होती."

तिसऱ्या वळणावर आवाज सोडला तो परत येईना. पुढे कुणीच म्हणालं नाही.

काका जवळ आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग तोच हात कोटावर ठेवला. म्हणाले, "याला चालेल. याच्या अंगात अजून एकाची जागा आहे."

२३ डिसेंबर, सोमवार

झार पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत झाली. रेवाझचा आवाज जमिनीतून आल्यासारखा आला, नाझीचा वरून. संपल्यावर काका म्हणाले, आता कुत्रं तरी थांबून ऐकेल. रेवाझनं ही मोठी शाबासकी मानली आणि सगळ्यांना टॅक्सीनं घरी सोडलं.

नाझी आज फार रडली. तिनं काकांच्या भावाला कधी बघितलंही नसेल. पण स्वान बायकांचं तसंच असतं, मेलेला माणूस कुणाचा हे त्या विचारत नाहीत.

७ जानेवारी, मंगळवार

आमचा ऑर्थोडॉक्स नाताळ. चर्चनंतर सगळे माझ्याकडे जेवायला. नाझीनं मांसाचं सारण भरून कुबदारी रोटी केली होती, डोंगरातलं मीठ घालून. वासानं जिना भरला. काकांनी तुकडा हातात घेतला, नाकाशी धरला आणि ताटात ठेवला. म्हणाले, वासानंच पोट भरलं.

गेलेल्यांच्या नावानं प्याले उचलले तेव्हा आम्ही वाइनचे थेंब पावावर सांडले. काकांनी सांडले नाहीत. मी आठवण केली, काका, भावासाठी? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोललो. मग हळूच म्हणाले, "त्याच्यासाठी पितो, सांडत नाही." आणि प्याला रिकामा केला. त्या दिवशी त्यांच्या पोटात तेवढंच गेलं असेल.

गावाची गोष्ट निघाली. एकोणीस वर्षांपूर्वी निघाले. बरीच वर्षं कागद अडकले होते, जाता येईना. "कागद आले तेव्हा गुडघे गेले," म्हणाले. रेवाझ म्हणाला, काका, शेवटी तरी गावीच नेऊ तुम्हाला. काका म्हणाले, पेटीत घालून पाठवू नका. सामान म्हणून जायचं नाही मला. इथंच ठेवा, फक्त दार उघडं ठेवून म्हणा.

सणाच्या दिवशी असं बोलणं मला आवडलं नाही. मी विषय बदलला.

२० जानेवारी, सोमवार

आज काकांनी तोंड उघडलं नाही. स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकलं. आम्ही एकदाच म्हटलं. मी तिसऱ्या वळणावर थांबलो, या वेळी मोजलं नाही.

संपल्यावर ते म्हणाले, "झालं." मला वाटलं आजच्यापुरतं. पण त्यांनी कोटाची घडी घातली, टोपी त्याच्यावर ठेवली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. आता ते इथंच राहू दे, नेण्याआणण्यात हात भरून येतात, म्हणाले. मी ते पिठाच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवलं.

दारातून परत वळले. म्हणाले, थांबायचं विसरू नकोस. मी म्हटलं, काका, ती चूक आता मला तुमच्यापेक्षा नीट येते.

हसले.

८ फेब्रुवारी, शनिवार

जोकियाकाका आज सकाळी गेले. नाझी त्यांच्याजवळ होती. मी भट्टीत पाव लावत होतो. रेवाझ सांगायला आला आणि दारातच उभा राहिला, आत येईना, तेव्हाच कळलं.

पोटाचा आजार. डॉक्टरांनी सप्टेंबरमध्येच सांगून टाकलं होतं. सप्टेंबर. शोताच्या आधी. नाझीला माहीत होतं, काकांनी तिच्याकडून शपथ घेतली होती. मी वही मागे उलटून बघितली. पट्ट्याचं भोक मी लिहिलं आहे. सूप लिहिलं आहे. दातांचं काम लिहिलं आहे. बातमी तेवढी लिहिली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मी नाझीला म्हटलं, गावात आता त्यांचं कुणी उरलेलं नाही, तरी सरपंचाला नाही तर शेजाऱ्यांना कळवायला हवं. तिनं माझ्याकडे बघितलं. "कुणी उरलेलं नाही म्हणजे?"

मी म्हटलं, एकच भाऊ होता, तो गेला ना.

तिनं फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पडद्यावर लाकडी भिंत, छतापर्यंत बर्फ आलेली खिडकी आणि समोर जोकियाकाका. जरा रुंद, जरा लाल, पण तेच नाक, तेच कान. 

"मी बिमुर्झा," तो म्हातारा म्हणाला. "तू तो भट्टीवाला ना? भाऊ सांगायचा तुझ्याबद्दल, दर रविवारी."

मी म्हणालो, काका म्हणाले होते, एक गेला, एक राहिला.

"बरोबरच म्हणाला," बिमुर्झा म्हणाले. "तो गेला. मी राहिलो."

यानंतर काय बोललो ते नीट आठवत नाही. डोंगरातला रस्ता बर्फानं बंद आहे, वसंत आल्याशिवाय कुणी खाली उतरू शकत नाही, हे ते सांगत होते. घरात भावाचे कपडे मांडावेत म्हणून त्यांनी पेट्या उघडल्या, पण चांगला कोट सापडला नाही. मग आठवलं, निघताना तो अंगावरच घालून गेला होता. काळा, कोपरांवर ठिगळं.

मी म्हटलं, कोट इथं आहे.

फोन ठेवल्यावर नाझीला विचारलं, जिवंत माणसावर झार चालते? ती म्हणाली, मीही तेच विचारलं होतं. तर काका म्हणाले, गावानं मला निघतानाच रडून घ्यायला हवं होतं, एकोणीस वर्षं उशीर झालाय, इतकंच.

कोण गेला हे विचारणं हा बातमीदाराचा पहिला धडा. मी गेला हा शब्द ऐकला आणि माणूस स्वतःच ठरवून टाकला. ते अडीच महिने माझ्या समोर स्टुलावर बसून होते आणि मी टेबलावरच्याला रडत होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज पोचवलं.

कोट अंगावर सैल होता, पण बाह्या मनगटाला बरोबर पोचल्या. निळ्या दोऱ्याचं बटण मी लावलं. टोपी उशाशी ठेवली. माणसं बरीच आली, शोताचा मुलगाही. दार उघडं ठेवायला सांगितलं, थंडी आत आली तरी कुणी कुरकुरलं नाही.

नाझीनं फोन पेटीच्या कडेला ठेवला. शोताच्या मुलानं तिकडे बघून मान खाली घातली. पण या वेळी फोन गाण्यासाठी नव्हता, ऐकण्यासाठी होता. पडद्यावर बिमुर्झाकाका आणि मागे सातआठ माणसं, सगळ्यांच्या टोप्या हातात.

मी कुणाकडे न बघता सुरुवात केली. खालून रेवाझ आला, वरून नाझी. कुणीतरी म्हणालं म्हणे, बाई झार म्हणते आहे. दुसऱ्या वळणावर आवाज गेला नाही. तिसऱ्या वळणावर मी तो वर नेला, सोडून दिला आणि थांबलो.

रेवाझनं श्वास घेतला. त्याची जागा येणार तेवढ्यात फोनमधून काहीतरी हललं. बिमुर्झाकाका पडद्याच्या अगदी जवळ आले होते, कपाळच दिसत होतं. रेवाझनं मला काही विचारलं नाही, मीही त्याला काही सांगितलं नाही. त्यानं तोंड मिटलं. मी थांबून राहिलो. चार आकडे झाले. आणखी चार झाले. लोक एकमेकांकडे बघू लागले, त्यांना वाटलं आम्ही विसरलो.

मग तिकडून खालचा आवाज आला. जाड, खरखरीत आणि उशिरा.

आम्ही त्याच्यावर चढलो आणि झार शेवटाला नेली.

मातीवरून परत येताना मी फोन कानाला लावून चालत होतो. बिमुर्झाकाकांनी विचारलं, मधला आवाज तुझा? मी हो म्हटलं. ते म्हणाले, तिसऱ्या वळणावर थांबायला कुणी शिकवलं? आमच्या गावात कुणी थांबत नाही.

काकांनी शिकवलं, मी म्हणालो. मी त्यांना चूक आहे म्हणालो होतो.

 मला वाटलं फोन कट झाला.

"चूक माझी आहे," बिमुर्झाकाका म्हणाले. "लहानपणापासून मी तिथं उशिरा येतो. बाप कानफटात मारायचा, लोक हसायचे. जोकिया तेवढा थांबायचा."

१७ फेब्रुवारी, सोमवार

बेकरी बंद. तरी तिघं आलो. टेबल पुसलं, त्यावर काही मांडलं नाही, त्यामुळे काही म्हटलंही नाही. चहा प्यायलो. रेवाझ म्हणाला, तिसऱ्या वळणावरची ती जागा आता रिकामी ठेवायची का? नाझी म्हणाली, ठेवायची.

मी वहीत लिहून ठेवतो आहे, म्हणजे पुढे कुणी दुरुस्त करणार नाही.